पंचनाम्यात न आलेले नुकसान

2022 च्या जुलै महिन्यातली गोष्ट आहे. आठवीच्या वर्गावर माझा मराठीचा तास होता. बाहेर पावसाची झड लागली होती. खिडकीजवळच्या बाकावर बसणारा एक मुलगा पुस्तकात न पाहता सारखा बाहेर पाहत होता. दोनदा टोकले, तिसऱ्यांदा मी चिडले आणि त्याला उभे राहायला लावले. तास संपेपर्यंत तो उभाच होता. जाताना त्याने हळूच विचारले, "मॅडम, नदीले पानी वाढलं का?" मी म्हटले, "तुला काय करायचे आहे नदीचे? धड्याकडे लक्ष दे."

हा मुलगा करडी परिसरातल्या, वैनगंगेच्या काठच्या एका गावातून येतो हे मला ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरात पाणी शिरले होते हेही ठाऊक होते. पण त्या दोन गोष्टी आणि तासाला खिडकीबाहेर पाहणे यांचा काही संबंध असेल, हे बी.एड. झालेल्या आणि वीस वर्षे मुलांना शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बाईच्या डोक्यात आले नाही. ते उशिरा आले. हा लेख त्या उशिराबद्दल आहे आणि त्यानंतर मी जे वाचले, विचारले, त्याबद्दल आहे.

आधी आमच्या पुराविषयी सांगते, कारण भंडारा जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना तो फारसा आठवत नसेल.

वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिथेच भीमगढला संजय सरोवर हे मोठे धरण आहे. 2020 च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिकडे प्रचंड पाऊस झाला. धरणांतून पाणी सोडावे लागले आणि 29 ऑगस्टच्या रात्रीपासून ते आमच्या जिल्ह्यात पोचू लागले. आमच्याकडे त्या मानाने पाऊस नव्हता. आभाळ फाटलेले दिसले असते तर माणूस सावध झाला असता. इथे पाणी आले ते दुसऱ्याच्या पावसाचे. भंडारा शहराच्या सखल वस्त्या बुडाल्या, कारध्याजवळ नदीने धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली, खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या. पुढे चंद्रपूर आणि गडचिरोलीपर्यंत नदीकाठची गावे पाण्यात गेली.

दिवस कोणते होते तेही लक्षात घ्या. करोनाचा पहिला कहर चालू होता. दहा दिवसांचे गणपती घरात बसलेले होते. 30 ऑगस्टला मोहरमची दहा तारीख, म्हणजे यौमे आशूरा होता. एकमेकांपासून दूर राहा असे सहा महिने सांगितल्यावर लोकांना एकाच शाळेच्या इमारतीत, एकाच सभागृहात दाटीवाटीने राहावे लागले. रोजे ठेवलेल्या बायका आणि गणपतीची मूर्ती छातीशी धरून आलेल्या बायका एकाच व्हरांड्यात बसल्या होत्या.

माझी मोठी खाला भंडारा शहरातल्या अशाच एका सखल मोहल्ल्यात राहते. तिच्या घरात छातीभर पाणी आले. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तेव्हा भिंतींवर चिखलाची सरळ रेघ होती. जणू कुणी पट्टी ठेवून आखली असावी. गहू कुजला होता, गाद्या फुगल्या होत्या, शिलाई मशीन गंजायला लागली होती. सरकारी माणसे पंचनाम्याला आली. त्यांनी आपले काम प्रामाणिकपणे केले. भिंत किती पडली, भांडी किती गेली, धान्य किती नासले हे सगळे लिहून घेतले. खालाने अंगठा दिला. काही महिन्यांनी मदतीची रक्कम खात्यात जमा झाली.

त्या कागदावर जे आले नाही ते असे. खालाच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पाण्यात वाहून गेल्या होत्या. डॉक्टरची चिठ्ठीही गेली होती. तीन आठवडे तिने गोळ्याच घेतल्या नाहीत, कारण घर सुकवण्याच्या धावपळीत तिला स्वतःची आठवण राहिली नाही आणि आम्हालाही राहिली नाही. पुढच्या पावसाळ्यात ती रात्री दोन-दोन वाजता उठून दारात टॉर्च मारून पाहू लागली. मी राहायला गेले की विचारायची, "बेटा, पानी तो नहीं आया ना?" दार बंद करून झोपणे तिने सोडून दिले. जेवण कमी झाले, छातीत धडधड सुरू झाली, डोके सतत दुखू लागले. दोनदा ईसीजी काढला. हृदयाला काही झालेले नाही, असे सांगून घरी पाठवले. आम्ही सगळ्यांनी तिला एकच गोष्ट सांगितली, "सब्र करो खाला, अल्लाहने जान बचाई." ती मान हलवायची आणि रात्री पुन्हा टॉर्च घ्यायची.

त्या मुलाला उभे केल्यानंतर काही दिवसांनी मी खालाकडे गेले होते. मध्यरात्री ती दारात उभी राहून बाहेर पाहत असलेली दिसली आणि मला एकदम वर्गातली खिडकी आठवली. दोघांची नजर सारखीच होती.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, पण त्यानंतर मी मागचे शोधू लागले. आपल्या महाराष्ट्रात संकटे काही पहिल्यांदा आलेली नाहीत. वाचलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे कोणी पाहिले होते का?

आमच्या विदर्भात सगळ्यात मोठी आठवण मोवाडची आहे. नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातले, वर्धा नदीकाठचे हे गाव. 30 जुलै 1991 च्या पुरात इथली 204 माणसे गेली. मी तेव्हा अकरा वर्षांची असेन. अब्बा रेडिओला कान लावून बसलेले आठवतात. मोवाडच्या नावापुढे आजही मृतांचा हा आकडा येतो. जे वाचले त्यांच्या झोपेचा, त्यांच्या आजारपणाचा आकडा कुठे वाचायला मिळत नाही. पुण्याचेही तसेच. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले, हे मराठी माणसाला पाठ आहे. जुनी पुणेकर मंडळी अजून पानशेतच्या आधीचे आणि नंतरचे अशी काळाची वाटणी करतात. एखादे शहर आपले आयुष्य एका दिवसाने दोन भागांत कापते तेव्हा त्यामागे काही दुखत असणारच. पण त्या दुखण्याला तेव्हा नाव नव्हते.

नाव मिळायला वेळ लागला. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून परतलेले सैनिक थरथर कापत, त्यांना बोलता येत नसे. डॉक्टर त्याला 'शेल शॉक' म्हणू लागले, वरिष्ठ अधिकारी त्यालाच भित्रेपणा म्हणत. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात 26 फेब्रुवारी 1972 रोजी बफेलो क्रीक नावाच्या खोऱ्यात कोळसा कंपनीचा बांध फुटून 125 माणसे मेली. कंपनीने तो देवाचा कोप ठरवला. वाचलेल्या लोकांनी दावा लावला आणि घरादाराबरोबर मनाला झालेल्या इजेचीही भरपाई मागितली. 1974 मध्ये तडजोड होऊन ती त्यांना मिळाली. काई एरिक्सन या समाजशास्त्रज्ञाने त्या लोकांवर पुस्तक लिहिले. त्यात त्याने दाखवले की एका माणसाच्या मनाला जशी जखम होते तशी सबंध वस्तीलाही होते. शेजार तुटला की माणूस आजारी पडतो. अखेर 1980 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत या आजाराला जागा मिळाली. मराठीत आपण त्याला आघातानंतरचा तणाव म्हणू. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणे, झोप उडणे, बारीक आवाजाने दचकणे आणि हे सगळे महिना उलटला तरी न थांबणे, ही त्याची लक्षणे.

आपल्याकडे हा विषय खऱ्या अर्थाने आला तो किल्लारीमुळे.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटे. गणपतींचे विसर्जन करून दमलेली गावे गाढ झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे दगडमातीच्या ढिगात गेली. भूकंप जगाच्या मानाने फार मोठा नव्हता, 6.2 रिश्टरच्या आसपासचा. पण तो जमिनीत फार खोल नव्हता आणि घरे होती जाड दगडी भिंतींची, मातीत बांधलेली, वर माळवदाचे ओझे. उन्हाळ्यात थंडावा देणारे माळवदच माणसांच्या छातीवर आले. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ आहे, इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. जखमी सोळा हजारांच्या घरात होते. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. शाळेत पत्र्याचा डबा फिरला होता. अम्मीने ईदीतले दहा रुपये टाकायला लावले तेव्हा मला वाईट वाटले होते, तेही आठवते.

भूकंपानंतर महिनाभराने मानसोपचारतज्ज्ञांनी तिथल्या वाचलेल्या लोकांच्या एका लहान गटाची तपासणी केली. दहापैकी जवळजवळ सहा जणांना मानसिक आजार झालेला आढळला. त्यात आघातानंतरचा तणाव आणि नैराश्य हे दोन सर्वाधिक होते आणि बायकांत प्रमाण जास्त होते. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या भूकंपाचे मानसिक आरोग्यावर काय परिणाम झाले याचा अभ्यास हाती घेतला. त्याचे प्रमुख होते डॉ. मोहन आगाशे. 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते मानसोपचारतज्ज्ञ आहेत हे अनेकांना माहीत नसते. तंबू, धान्य आणि पत्र्यांच्या जोडीने मनाचीही विचारपूस करायची असते, ही गोष्ट मराठी मुलखात अशी सुरू झाली.

बायकांत प्रमाण जास्त का, याचे उत्तर शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. पुरुष दुसऱ्या दिवसापासून बाहेर पडतो. कामाला, मदतीच्या रांगेत, नाक्यावर जातो. चार माणसांत तीच गोष्ट चार वेळा सांगतो. बाई त्याच भिंतीसमोर राहते. चिखल तीच काढते, कुजलेले धान्य तीच निवडते, मुले तिलाच चिकटतात. आणि तिला विचारणारा कोणी नसतो, कारण ती रडत नाही, काम करते आहे. पुरुषांचे दुखणेही असतेच, ते दारूच्या किंवा रागाच्या वाटेने बाहेर येते आणि आपण त्याला स्वभाव म्हणून सोडून देतो.

आता शरीराकडे वळू, कारण खालाच्या छातीतल्या धडधडीने मला याच प्रश्नावर आणून सोडले होते. मन आणि शरीर वेगळे आहेत असे आपण बोलण्यापुरते म्हणतो. धोका दिसला की शरीरात काही रसायने सुटतात, हृदय जोराने चालते, रक्तदाब वाढतो, रक्तात साखर सोडली जाते, पोट आखडते. पळायला किंवा लढायला ही तयारी उपयोगी आहे. ती काही मिनिटांसाठी असते. पण मेंदू जर रोज रात्री दोन वाजता पाणी आले असे समजू लागला, तर तीच तयारी महिनोन्‌महिने चालू राहते आणि शरीराला खाते. 17 जानेवारी 1994 रोजी पहाटे अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला. त्या एका दिवशी हृदयविकाराने अचानक मृत्यू आलेल्यांची संख्या 24 होती. आधीच्या आठवड्यात ती दिवसाला सरासरी पाचच्याही आत होती. हे लोक भिंतीखाली सापडून मेले नव्हते. बरोबर एका वर्षाने, 17 जानेवारी 1995 ला, जपानमधील कोबे शहर हादरले. तिथल्या डॉक्टरांनाही वाचलेल्या लोकांत रक्तदाब आणि हृदयाचे झटके वाढलेले आढळले.

याला जोडून सरळ शरीराचे आजार येतातच. 26 जुलै 2005 ला मुंबईत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून चालणाऱ्यांच्या पायांच्या जखमांतून तो शिरतो. आमच्याकडे पुरानंतर पायांच्या बोटांतल्या चिखल्या, हगवण, ताप आणि सापांची भीती. धानाच्या बांदीतून आणि सांदवाडीतून वाहून आलेले साप घरात निघाले. पण सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी मोजला जाणारा आजार म्हणजे थांबलेली औषधे. साखर, रक्तदाब, फिट, क्षयरोग. ज्याची गोळी वाहून गेली त्याचा आजार पुराच्या पाण्याबरोबर वाहून जात नाही. महिन्याभराने तो दवाखान्यात येतो तेव्हा त्याचे नाव कोणी पूरग्रस्तांच्या यादीत लिहीत नाही.

किल्लारीच्या पुनर्वसनातून आणखी एक धडा मिळतो. जागतिक बँकेच्या मदतीने मोठे काम झाले. 52 गावे नव्या जागी वसवली गेली. घरे भूकंपात टिकतील अशी होती आणि त्यासाठी शासनाचे, अभियंत्यांचे, संस्थांचे श्रेय द्यायलाच हवे. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1200 मुले पुण्यात आणून शिकवली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावागावांतल्या बायकांना संवाद साहाय्यक म्हणून उभे केले. ज्या बाईला कोणी विचारत नव्हते तीच घरदुरुस्तीची माहिती दारोदार सांगू लागली. कामाला लागलेली आणि चौघांत बोलू लागलेली बाई लवकर सावरते, हे यातून कळते.

पण नवी गावे आखली गेली ती शहरी वसाहतीसारखी. सरळ रुंद रस्ते, एकसारख्या रांगा. जुन्या गावात गल्ली होती, पार होता, ओटा होता. एका घरातली भाजी दुसऱ्या घरात भिंतीवरून जात होती. नव्या गावात ओट्यावर बसून बोलायला शेजारच उरला नाही, शेत लांब गेले. अनेक ठिकाणी घरे भक्कम आणि माणसे एकटी, असे झाले.

कोबेतही हेच घडले. तात्पुरती घरे चिठ्ठ्या टाकून वाटली गेली. वरवर पाहता हा सगळ्यांत न्यायाचा मार्ग. पण त्यामुळे मोहल्ले फुटले आणि त्या वसाहतींत एकटी म्हातारी माणसे कोणाला न कळता मरून पडू लागली. जपानने त्यातून शिकून 2004 च्या निगाता भूकंपानंतर एका वस्तीतल्या लोकांना एकत्र ठेवण्याचा प्रयत्न केला. मनाची काळजी हा शब्दप्रयोग तिथे कोबेनंतरच घरोघरी पोचला.

आता एका नाजूक गोष्टीबद्दल लिहायचे आहे. संकट आले की ते का आले याचे उत्तर आपण ताबडतोब देऊन टाकतो. कोणी म्हणतो देवाचा कोप, कोणी म्हणतो गुनाहों की सज़ा. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचे फळ असल्याचे म्हटले आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. हेतू कितीही चांगला असला तरी ज्याचे मूल गेले त्याच्यासमोर असे बोलणे म्हणजे त्याच्या दुःखावर अपराधाचे ओझे ठेवणे होय. आमच्या पुराच्या वेळी छावणीत मी स्वतः एका बाईला हे ऐकवले जाताना पाहिले. मी गप्प बसले होते.

आणि सब्र. हा शब्द आम्ही फार स्वस्त केला आहे. अरबीत त्याचा मूळ अर्थ धरून ठेवणे, आवरणे असा आहे. तोंड बंद ठेवणे असा नाही. हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचा किस्सा आम्ही मदरशात लहानपणीच शिकतो. मुलगा यूसुफ हरवल्यावर ते इतके रडले की त्यांचे डोळे पांढरे पडले. तरीही सुंदर सब्र त्यांच्याच नावाशी जोडला गेला. खुद्द पैगंबर साहेबांच्या डोळ्यांत आपला लहान मुलगा इब्राहीम याच्या अखेरच्या क्षणी पाणी आले होते आणि सोबतच्यांना आश्चर्य वाटले तेव्हा त्यांनी या अश्रूंना रहमत म्हटले. हजरत उमर शामकडे निघाले होते. पुढे अमवासचा प्लेग पसरला आहे हे कळल्यावर ते मागे फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असे त्यांना विचारले गेले, तेव्हा मागे फिरणे हीही तकदीरच आहे, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ होता. म्हणजे रडणे, सांगणे, बचाव करणे, इलाज करणे या चारही गोष्टींना आमच्या दीनमध्ये जागा आहे. मग खालाला गप्प बसवायचा हक्क मला कोणी दिला होता?

हे मी तिच्या मोहल्ल्यातल्या इमाम साहेबांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतले आणि पुढच्या जुम्याला खुतब्याआधीच्या बयानात इलाज करणे सुन्नत आहे, त्यात मनाचा इलाजही आला, एवढे स्पष्ट सांगितले. त्या एका वाक्याने खालाचा मुलगा तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला तयार झाला. तोपर्यंत त्याला लोक काय म्हणतील याची भीती होती. डॉक्टरांनी तिला पहिल्या भेटीत अर्धा तास नुसते बोलू दिले. गोळ्या दिल्या, त्या तिने आठ महिने घेतल्या. पावसाळ्यात ती अजूनही उठते. पण दार लावून झोपते.

सरकारी पातळीवर काहीच नाही असे नाही. 2005 मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. त्याखालच्या राष्ट्रीय प्राधिकरणाने 2009 मध्ये आपत्तीग्रस्तांच्या मानसिक आधारासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. 2017 मध्ये मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला. 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही सेवा सुरू आहे. 14416 या क्रमांकावर फुकट फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येते. कागद चांगले आहेत. ते तलाठी, आशाताई, शिक्षक आणि इमाम यांच्यापर्यंत पोचायचे आहेत. आमच्याकडे पूरग्रस्तांच्या छावणीत पहिल्या दिवशी जाणारी माणसे हीच असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये अशा सामान्य माणसांसाठी मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. त्यातले सूत्र तीन शब्दांत बसते. पाहा, ऐका, जोडा. कोणाला तातडीची गरज आहे ते पाहा. बोलायला भाग पाडू नका, पण बोलले तर मध्ये न तोडता ऐका. औषध, नातेवाईक, सरकारी मदत, डॉक्टर, जे लागेल त्याच्याशी त्याला जोडून द्या. यासाठी पदवी लागत नाही. बहुतेक माणसे एवढ्या आधारावर काही महिन्यांत आपोआप सावरतात. थोडी सावरत नाहीत आणि त्यांना ओळखून डॉक्टरांकडे पोचवणे हे आपले काम.

त्या मुलाचे काय झाले ते सांगून थांबते.

मी त्याला एक दिवस मधल्या सुट्टीत बोलावले आणि आधी त्याची माफी मागितली. शिक्षिकेने माफी मागावी याची त्याला सवय नसावी. तो घाबरलाच. मग मी विचारले की त्या रात्री काय झाले होते. पहिल्या दिवशी तो काही बोलला नाही. मी परत विचारले नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याने स्वतःच सांगितले. बापाने त्याला गोठ्यातले वासरू सोडायला पाठवले होते. दाव्याची गाठ भिजून आवळली होती, त्याच्याने ती सुटली नाही. पाणी गुडघ्यावर आले तेव्हा तो घाबरून पळत आला. बापाला त्याने "सोडलं" असे सांगितले. दोन वर्षे हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. पंचनाम्यात एक वासरू लिहिले गेले होते, त्याचे पैसेही मिळाले होते.

मी त्याला म्हटले की अकरा वर्षांच्या मुलाने त्या पाण्यातून परत येणे हेच बरोबर होते. हे मी त्याला बरेचदा सांगितले, कारण एकदा सांगून पटण्यासारखी ती गोष्ट नव्हती. त्याच्या संमतीने त्याच्या बापाशी बोलले. बाप बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मले मालूम होतं मॅडम, दावं खुट्यालेच होतं." त्यानेही मुलाला दुखवायचे नाही म्हणून दोन वर्षे विषय काढला नव्हता. बापलेक एकमेकांना जपत एकाच घरात गप्प होते.

बाक मी बदलला नाही, त्याला विचारले तेव्हा त्याला खिडकीजवळच बसायचे होते. फक्त आम्ही ठरवले की पावसाच्या दिवशी पहिल्या तासाला मी नदीची पातळी मोबाईलवर पाहून फळ्याच्या कोपऱ्यात लिहीन. ती अजूनही लिहिते. तो मुलगा आता शाळेत नाही, पण नदीकाठच्या गावांतून येणारी इतर मुले आहेत. वर्गात शिरताना त्यांच्यातली तीन-चार जण आधी त्या कोपऱ्याकडे पाहतात आणि मग पुस्तक उघडतात. मी पाहिले नसते तर हेही मला कळले नसते.

तुमच्या गावात, तुमच्या मोहल्ल्यात कधी पूर, आग, दरड किंवा वादळ येऊन गेले असेल, तर एक विनंती आहे. त्या घरी एकदा जा. घर बांधून झाले का, पैसे मिळाले का, हे सगळ्यांनी विचारलेले असते. झोप लागते का, गोळ्या चालू आहेत का, एवढे दोन प्रश्न तुम्ही विचारा. आणि उत्तर येईपर्यंत बसून राहा. अल्लाह सगळ्यांना आपल्या हिफाजतीत ठेवो.